अजयपूर, आनंदवन आणि मेंदूतला ‘मी’

चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागलं की चिचपल्लीच्या जंगलपट्ट्यात अजयपूर नावाचं गाव येतं. तिथे ‘धम्म अजय’ हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात साधक आर्यमौन पाळतात. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर मन ठेवायचं. चौथ्या दिवसापासून टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत लक्ष फिरवायचं आणि जी संवेदना जाणवेल ती हवी-नको न म्हणता नुसती पाहायची. सत्यनारायण गोयंका ही पद्धत ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ साली भारतात घेऊन आले. संवेदना उठते आणि विरते, तसाच ‘मी’सुद्धा उठतो आणि विरतो, हे साधकाला स्वतःच्या अंगावर कळावं एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्याच चंद्रपुरातून नागपूरच्या दिशेने निघालं तर तासाभरात वरोरा येतं आणि वरोऱ्याला आनंदवन. १९४९ साली बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभ्या केलेल्या या वसाहतीत अशी हजारो माणसं राहून गेली, ज्यांच्या बोटांनी विस्तव लागल्याची खबरही मेंदूला दिली नाही. एकाच जिल्ह्यात एकीकडे धडधाकट माणसं बोटाच्या टोकावरची अगदी सूक्ष्म संवेदना शोधत डोळे मिटून बसतात आणि दुसरीकडे संवेदना कायमची गेलेली माणसं हातमागावर कापड विणतात, शेती पिकवतात, संसार करतात. ध्यानाच्या मेंदूशास्त्राबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यात अजयपूरसारख्या जागा असतात, आनंदवन नसतं. दोन्ही एकत्र धरल्याखेरीज ‘मी म्हणजे काय’ हा प्रश्न पुरता मांडताच येत नाही, असं माझं मत आहे.

मेंदूशास्त्राने काय शोधलं ते आधी सांगतो. २००१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण मांडलं. माणसाला काही काम दिलं की मेंदूचे काही भाग शांत होतात आणि तो रिकामा बसला की तेच भाग जोरात चालू लागतात. कपाळामागचा मधला भाग आणि मेंदूच्या मागच्या बाजूला आत दडलेला सिंग्युलेट कॉर्टेक्स हे त्यातले मुख्य. या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हे नाव पडलं. रिकाम्या वेळात आपण काय करतो? काल तो असं का बोलला, उद्या आपलं कसं होईल, लोक आपल्याला काय समजत असतील, हेच उगाळत असतो. म्हणजे हे जाळं मुख्यतः स्वतःची गोष्ट स्वतःला सांगत राहतं. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना मोबाइलवर वेळी-अवेळी विचारून पाहिलं, तेव्हा जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं आणि भटकलेलं मन बहुधा कमी सुखी होतं. पुढच्या वर्षी येल विद्यापीठात जडसन ब्रूअर यांनी अनुभवी साधकांचे मेंदू तपासले. ध्यानात त्यांचं हे जाळं नवख्यांच्या मानाने शांत दिसलं. त्याआधी २००७ साली टोरांटोत नॉर्मन फार्ब यांनी दाखवलं होतं की आठ आठवड्यांच्या ध्यानप्रशिक्षणानंतर माणूस गोष्टीतल्या ‘मी’पासून या क्षणी जाणवणाऱ्या ‘मी’कडे अधिक सहज वळू शकतो. त्या वेळी इन्सुला हा भाग अधिक काम करतो. हृदयाचे ठोके, पोटातली कालवाकालव, कातडीखालची ऊब अशा शरीराच्या आतल्या बातम्या जिथे गोळा होतात, तो हा भाग.

या संशोधनाचं मोल मोठं आहे. पण त्याच्या नावाने जे विकलं जातं ते मला पटत नाही. येलच्या प्रयोगातले साधक जेमतेम डझनभर होते. आठ आठवड्यांत मेंदूची घडण बदलते, हे वाक्य व्याख्यानांतून सर्रास ऐकू येतं. ते ज्या गाजलेल्या २०११ च्या अभ्यासावर उभं आहे, त्यात प्रशिक्षण घेतलेले लोक फक्त १६ होते. विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दोनशेहून अधिक माणसांवर हीच तपासणी अधिक काटेकोरपणे केली आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: मेंदूच्या रचनेत तसा बदल सापडला नाही. डेव्हिडसन स्वतः ध्यानाचे जुने अभ्यासक. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीविरुद्ध जाणारा निकाल त्यांच्याच गटाने छापला, याचा मला ध्यानाच्या कुठल्याही प्रशस्तीपेक्षा जास्त आदर वाटतो.

आता आनंदवनाकडे वळू. कुष्ठरोगाचा जंतू हातापायांच्या नसांत शिरतो आणि स्पर्श, उष्णता, वेदना यांच्या वाटा बंद करतो. बोटं रोगाने ‘गळतात’ हा समज जगभर होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी तो खोडून काढला. चटका बसला, खिळा लागला, चप्पल चावली, तरी कळत नाही. जखम चिघळत जाते, हाड झिजतं आणि बोट आखूड होतं. ब्रँड यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्या हाताला काही जाणवत नाही, त्या हाताशी रुग्ण परक्या अवजारासारखा वागू लागतो. हात जागेवर असतो, त्यातली मालकी गेलेली असते.

ही मालकी मेंदू कशी ठरवतो, याचा एक साधा प्रयोग बॉट्विनिक आणि कोहेन यांनी १९९८ साली केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवला, रबराचा हात समोर ठेवला आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला. थोड्या वेळात रबराचा हात स्वतःचा वाटू लागला. डोळ्यांना दिसणारा स्पर्श आणि कातडीला जाणवणारा स्पर्श जुळले की मेंदू म्हणतो, हा माझा. २००२ साली जिनिव्हात ओलाफ ब्लांके यांनी फेफऱ्याच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत उजव्या बाजूच्या एका ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह सोडला, तर तिला आपण छताजवळून आपल्याच देहाकडे पाहतो आहोत असं जाणवलं. शरीरात ‘मी’ राहतो, हेसुद्धा मेंदूला क्षणोक्षणी जुळवत राहावं लागतं.

कुष्ठरोगातलं याहून विलक्षण निरीक्षण मारियान सिमेल यांचं आहे, १९५६ सालचं. अपघातात किंवा शस्त्रक्रियेत बोट गेलं तर ते अजून आहे असा भास बहुतेकांना होत राहतो. कुष्ठरोगात मात्र बोट वर्षानुवर्षं झिजत नाहीसं झालं तर तसा भास होत नाही. पण त्याच रुग्णाचं उरलेलं थोटूक शस्त्रक्रियेने काढलं, की भास सुरू होतो. हळूहळू झालेल्या हानीशी मेंदू जुळवून घेतो आणि ‘मी’चा नकाशा नव्याने आखतो, अचानक झालेली हानी त्याला मान्य होत नाही. साधकाला आपल्या घडवलेल्या ‘मी’चं जे भान यावं अशी अपेक्षा असते, ते कुष्ठरुग्णाच्या मेंदूत कुणीही न सांगता घडलेलं असतं, आणि त्याने त्याची जबर किंमत मोजलेली असते.

बधिर झालेले हातपाय सांभाळायची एक रोजची रीत कुष्ठसेवेत शिकवली जाते. पाय पाण्यात भिजवायचे, निबर झालेली कातडी हलकेच घासायची, ओलावा टिकावा म्हणून तेल लावायचं आणि मग तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या नीट निरखून पाहायच्या. कुठे फोड आहे का, काटा रुतला आहे का? जे जाणवत नाही ते नजरेने पाहून पुन्हा आपलं करून घ्यायचं. रोज, न चुकता, जन्मभर. याला कुणी ध्यान म्हणत नाही. मी म्हणेन. एका अवयवावर शांतपणे, तिरस्कार न बाळगता लक्ष ठेवणं यात आहे, आणि लक्ष ठेवल्याने त्या अवयवाचं भलंही होतं.

इन्सुलाचा उल्लेख वर आला. या भागाचं आणखी एक काम आहे. शरीराच्या आतली खबर ठेवणारा हा भाग किळस वाटण्यातही सामील असतो. वरोऱ्यात पावसात भिजत पडलेला, बोटं झिजलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण पाहून बाबा आमटे घाबरून पळाले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. कशालाच न भिणारा म्हणून ज्याची ख्याती, तो माणूस एका देहापुढून पळाला. ते परतले आणि त्यांनी तुळशीरामाची शेवटपर्यंत सेवा केली. पुढे कुष्ठरोगाच्या संशोधनासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. आपला ‘मी’ कातडीपाशी संपतो आणि पलीकडे जे आहे ते आपल्याला बाधेल, ही भीती किती खोल मुरलेली असते, हे बाबांनी स्वतःपुरतं पाहिलं आणि ती हद्द ओलांडली. ध्यानाने ‘मी’ सैल होतो असं म्हणणाऱ्या प्रत्येक साधनेला मी हा एक प्रश्न विचारतो: तुळशीराम समोर आला, तर तुमचा साधक काय करील?

याच जिल्ह्याने या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला त्यांनी इथे हजारोंना दीक्षा दिली. इथल्या दीक्षाभूमीवर दरवर्षी त्या दिवसांत माणसांचा सागर लोटतो. बुद्धाची अनात्माची शिकवण या मातीला नवी नाही. जवळच भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी डोंगर कोरून आत शिरली आहेत आणि गाभाऱ्यांत बुद्ध बसले आहेत. पण १९५६ साली ही शिकवण ज्यांच्यापाशी आली, त्यांची स्थिती येलच्या साधकांसारखी नव्हती. त्या साधकांच्या माणूसपणावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. चंद्रपूरच्या दीक्षार्थींना तर पिढ्यानपिढ्या इतरांनीच त्यांची गोष्ट सांगितली होती: तू हलका, तुझी सावली नको, आणि हे तुझ्या मागच्या जन्मीच्या पापाचं फळ. अशा माणसाला ‘अहंकार सोड’ म्हणणं म्हणजे ज्याच्या ताटात कधी वाढलंच नाही त्याला उपास सांगणं.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आत्म्यावरच्या विश्वासाला त्यांनी त्यात अधम्मात जमा केलं. कारण नित्य आत्मा मानला की तो मागच्या जन्माचं ओझं घेऊन येतो आणि आजच्या अन्यायाला समर्थन मिळतं. आत्माच नसेल, तर जन्माने चिकटवलेली नीचताही उरत नाही. इथे अनात्म म्हणजे शून्यात विरणं नव्हे, दुसऱ्याने लादलेला ‘मी’ उतरवून स्वतःचा उभा करणं आहे. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी आणखी एक सवाल टाकला. भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू काय होता, परिपूर्ण माणूस घडवणं की समाजसेवक घडवणं? तो नुसता परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थी ठरतो, इतकं स्पष्ट त्यांनी लिहिलं. चांगल्या माणसांच्या एकांतसाधनेवर याहून नेमका सवाल मला ठाऊक नाही. आपण कोण हे आपल्याला बऱ्याच अंशी इतरांच्या नजरेतून कळतं आणि मेंदूतल्या त्या जाळ्याचा बराच वेळ ‘लोक काय म्हणतात’ यातच जातो. ती नजरच विखारी असेल, तर डोळे मिटून प्रश्न सुटत नाही.

तिसरा धागा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. तरुणपणी त्यांनी चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या जंगलात साधना केली. ती जागा आज तपोभूमी म्हणून ओळखली जाते. पण जंगलातून बाहेर आल्यावर त्यांनी लोकांना एकट्याने बसायला सांगितलं नाही. पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा त्यांनी घालून दिलेला नेम आहे. चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यात गुरुदेव सेवा मंडळाची माणसं तो आजही पाळतात. जातीचा भेद न ठेवता एका ओळीत बसायचं, हा त्या नेमाचा गाभा.

एकत्र बसण्या-गाण्याने शरीरात काय होतं, याचा शोध नुकताच सुरू झाला आहे. २०१३ साली स्वीडनमध्ये समूहगान गाणाऱ्यांच्या हृदयाची लय एकमेकांशी जुळताना आढळली, कारण गाण्याने सर्वांचा श्वास एका तालात आणला. स्पेनमधल्या एका गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. २०११ सालच्या अभ्यासात चालणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्या त्याच्या आप्तांच्या हृदयाची लय मिळतीजुळती निघाली, परक्या प्रेक्षकांची निघाली नाही. गडचिरोलीत हातात हात गुंफून रात्र-रात्र चालणारा रेला नाच किंवा खंजिरीवरचं भजन ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

मात्र समूहात ‘मी’ विरला म्हणजे सगळं चांगलंच होतं, असं मी लिहिणार नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटलं. मोर्चावर गोळ्या चालल्या, चिडलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना ठार केलं आणि त्यानंतर गावात आलेल्या शिपायांनी बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, ते आठवून आजही अंगावर काटा येतो. त्या माणसांचं देशप्रेम खरं होतं, त्यांचा त्याग थोर होता. तरीही जमावात विरलेला ‘मी’ आणि गणवेशात विरलेला ‘मी’ असे दोन्ही त्या दिवसांत एकमेकांसमोर होते, हे विसरता येत नाही. पहाटेच्या ध्यानात बसलेल्या ओळीत प्रत्येक जण जागा असतो. जमावात ते जागेपण हरवतं. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

एकत्र बसण्याचा हाच धागा एका डॉक्टरच्या अनुभवातही सापडतो. गडचिरोलीच्या शोधग्रामचे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, ऐन पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, हृदयविकाराचा झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकाने ध्यान हा विषय मराठी मध्यमवर्गाच्या घरात नेला. बंग यांना डॉ. डीन ऑर्निश यांच्या कार्यक्रमातून दिशा मिळाली. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या प्रयोगात ४८ रुग्ण होते. कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम, तंबाखूबंदी, योग-ध्यान आणि आठवड्यातून एकत्र बसून मन मोकळं करणं, असं सगळं पाळणाऱ्या गटाच्या हृदयधमन्यांतला अडथळा एक वर्षानंतर थोडा कमी झालेला आढळला. यातलं नेमकं कशाने किती झालं, हे वेगळं काढता येत नाही. पुढे ऑर्निश यांनी स्वतःच माणसांच्या जवळिकीवर अधिक भर दिला. पुस्तक वाचून ध्यानाला बसलेल्यांपैकी किती जणांनी तो शेवटचा भाग उचलला, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

धोक्याचंही बोललं पाहिजे. विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी २०१७ साली पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रास त्यांना साधकांकडून ऐकायला मिळाले, आणि काहींचे दीर्घकाळ टिकले. ‘मी’ सैल होणं सगळ्यांनाच सुखाचं नसतं. ज्याचं मन आधीच विस्कटलेलं आहे, त्याला दहा दिवसांच्या मौनात बसवण्याआधी दहादा विचार करायला हवा.

आणखी एक भ्रम दूर सारतो. शहरातून येणारी माणसं म्हणतात, जंगलातली माणसं जन्मतःच ध्यानस्थ असतात. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली बाई ताडोबाच्या कडेच्या जंगलात प्रत्येक पानाची सळसळ ऐकते, हे खरं. पण ती वाघाच्या भीतीने ऐकते, आणि या जिल्ह्यात ती भीती दरवर्षी खरी ठरते. भीतीतलं अवधान ‘मी’ला आवळतं, सोडवत नाही. तिच्या त्या अवधानाला साधना म्हणून गौरवणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. तिला सुरक्षित वाट हवी आहे, मोहाचा योग्य भाव हवा आहे.

मेंदूशास्त्राने आजवर एकट्या, सुशिक्षित, सुरक्षित माणसाला यंत्रात झोपवून त्याच्या डोक्यातला गोष्ट सांगणारा ‘मी’ मोजला. शरीरातून घडणारा ‘मी’ आणि इतरांच्या नजरेतून घडणारा ‘मी’ यांचा अभ्यास त्या मानाने फार थोडा झाला आहे. तो व्हायचा तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतकी योग्य जागा क्वचितच असेल. डोक्यावर टोपीसारखी घालता येणारी, एकाच वेळी अनेकांच्या मेंदूतल्या लहरी टिपणारी उपकरणं आता मिळतात. गावात राहून, गावाला सोबत घेऊन संशोधन कसं करायचं, हे गडचिरोलीने नवजात बाळांच्या बाबतीत जगाला दाखवलेलं आहे. नागपूर-गडचिरोलीच्या तरुण डॉक्टरांना आणि संशोधकांना माझी विनंती आहे: पहाटेच्या सामुदायिक ध्यानाची ओळ, बधिर पाय रोज निरखणारा कुष्ठमुक्त माणूस आणि अजयपूरचा मौनी साधक, या तिघांचा एकत्र अभ्यास तुम्ही हाती घ्या. आणि त्यात मेंदूत काय बदललं याच्या जोडीला शेजाऱ्याशी वागणं काय बदललं, हेही मोजा.